टक्के किती, हे सगळ्यात शेवटी विचारा

रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर कोणी दिव्यांगत्वाच्या कागदांची पिशवी घेऊन बसलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "एवढे एवढे टक्के आलेत. आता काय काय मिळतं?"

मी कुठल्या सरकारी खात्यात नाही. धाकट्या भावाला लहानपणी पोलिओ झाला आणि त्याच्यापायी आमच्या घराने सिव्हिलचे आणि तहसील कचेरीचे इतके उंबरे झिजवले, की पुढे गल्लीतल्या लोकांचे फॉर्मही माझ्याकडे यायला लागले. काही महिन्यांपूर्वी एक सुतार आला होता, वय ४०. परांचीवरून पडला, पायात रॉड बसला, पाय आखूड झाला. सिव्हिलच्या डॉक्टरांच्या बोर्डाने ४२ टक्के दिले होते. शेजाऱ्याने त्याला सांगितलं होतं, महिन्याला अडीच हजार, रेल्वे जवळपास फुकट आणि पोराला सरकारी नोकरी. मेहुण्याने सांगितलं होतं, ऐंशीच्या खाली काही मिळत नाही, कशाला चकरा मारतोस. दोघांचंही थोडं बरोबर होतं आणि बरंचसं चूक.

गोंधळ होतो तो एका समजुतीमुळे. लोकांना वाटतं, दिव्यांगाचं कार्ड म्हणजे रेशनकार्डासारखी चीज आहे, दाखवलं की धान्य. तसं नाही. कार्ड ही फक्त ओळख. लाभ देणारी खाती निराळी आहेत आणि प्रत्येक खातं आपापले प्रश्न विचारतं. दिव्यांगत्व कोणत्या प्रकारचं? घरचं उत्पन्न किती? वय काय? ते आलं कशामुळे? आणि मग टक्के किती? सगळे दाखल्यावरचा आकडा तेवढा बघतात आणि बाकीच्या प्रश्नांपाशी अडकतात.

(शब्दाचंही एकदा सांगून टाकतो. आमच्याकडे म्हातारी माणसं अजून 'अपंग' म्हणतात, एसटीचा कंडक्टरही तेच म्हणतो. फॉर्मवर 'दिव्यांग' छापलेलं असतं, म्हणून मी तो शब्द वापरतोय. भावाला विचारलं तर तो म्हणतो, शब्द कोणताही वापरा, कचेरीत रॅम्प बांधा.)

टक्का येतो कुठून

१९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि प्रकार २१ झाले. हातापायांचं अपंगत्व, अंधत्व, बहिरेपणा हे जुने होतेच. त्यात स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल, ॲसिड हल्ल्यातले पीडित असे बरेच जण आले. सिकलसेलचा समावेश आपल्याकडे नंदुरबार-गडचिरोलीच्या आदिवासी पट्ट्यात फार मोलाचा ठरला. मात्र यादीत नाही ते नाहीच. किडनी निकामी होऊन डायलिसिसवर असलेला माणूस कितीही थकला असला, तरी या कायद्याच्या यादीत तो बसत नाही. हे त्याच्या घरच्यांना सांगताना माझी जीभ जड होते.

अर्ज आता स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइनच करावा लागतो. जून २०२१ पासून हाताने लिहिलेला नवा दाखला देणं बंद झालं. आधार, फोटो आणि पत्त्याचा पुरावा जोडायचा, हॉस्पिटल निवडायचं, बोलावतील तेव्हा तपासणीला जायचं. मग १८ अंकी क्रमांकाचं कार्ड येतं, त्यालाच सगळे यूडीआयडी म्हणतात. चाळीसच्या खाली पांढरं, ४० ते ८० च्या मधलं पिवळं, ८० आणि वर निळं. सोबत दाखला असतो. काही दाखले कायमचे असतात, काही तात्पुरते. तात्पुरत्यावर मुदत छापलेली असते आणि ती तारीख कोणी वाचत नाही. वाचा. मुदत संपलेल्या दाखल्यावर पेन्शन थांबलेली मी पाहिली आहे.

डॉक्टर टक्का मोजतात तो केंद्र सरकारने छापलेल्या तक्त्यावरून. माणसाला किती त्रास होतो किंवा त्याची कमाई किती बुडाली, हे त्यात मोजत नाहीत. सांधा किती अंशात वळतो, स्नायूत ताकद किती, ऐकू किती डेसिबलला येतं, हे मोजतात. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा ठणठणीत असेल, तर तक्ता देतो ३० टक्के. म्हणजे कार्ड पांढरं आणि बहुतेक योजना बंद. एका कानाने अजिबात ऐकू न येणाऱ्याचंही तसंच. कायद्यातली व्याख्या दोन्ही कानांची आहे: ६० ते ७० डेसिबलचा ऱ्हास म्हणजे कमी ऐकू येणं, ७० च्या वर बहिरेपणा.

दोन दिव्यांगत्वं असतील तर लोक सरळ बेरीज करतात आणि बोर्डाने फसवलं म्हणतात. सूत्र वेगळं आहे. मोठा टक्का घ्यायचा. नव्वदातून तो वजा करायचा. जे उरेल त्याला लहान टक्क्याने गुणून नव्वदाने भागायचं आणि ते मोठ्या टक्क्यात मिळवायचं. पायाचे ४० आणि कानाचे ३० असतील, तर ३० गुणिले ५० भागिले ९०, म्हणजे सुमारे १७. एकूण ५७, सत्तर नाही. वहीत एकदा करून बघा, बोर्डावरचा राग थोडा कमी होईल. तरीही टक्का चुकीचाच वाटत असेल, तर कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं.

आता ही चाळिशीची रेघ. कायद्यातल्या आरक्षणासारख्या बहुतेक खास तरतुदी ४० टक्के आणि त्यावरच्यांसाठी आहेत. पण सगळंच चाळिशीवर ठरतं असं नाही. लिहिताना हात आखडणाऱ्या एका परीक्षार्थीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितलं, की लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही. २०२२ मध्ये केंद्राने चाळीसच्या खालच्यांसाठीही लेखनिकाचे नियम काढले आणि तासाला २० मिनिटं जादा वेळ धरला. त्यामुळे पांढरं कार्ड आलं म्हणून ते ट्रंकेत टाकू नका.

महिन्याचे पैसे

सुताराचा खरा प्रश्न हाच होता. महाराष्ट्रात दिव्यांगांना दरमहा पैसे मिळतात ते मुख्यतः संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून. ही योजना १९८० ची. चाळीस टक्के लागतात, वय ६५ च्या खाली लागतं, राज्यात १५ वर्षं वास्तव्य लागतं. पासष्टनंतर माणूस वृद्धांच्या श्रावणबाळ योजनेकडे जातो. रक्कम बरीच वर्षं ६०० रुपये होती, मग हजार, २०२३ मध्ये दीड हजार. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने फक्त दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ती अडीच हजार केली. ही वाढ म्हणजे कोणी उपकार केला असं मला वाटत नाही. दिव्यांगांना इतरांच्या तशाच योजनेपेक्षा निदान २५ टक्के जास्त द्यावं, असं २०१६ च्या कायद्यात कलम २४ मध्ये लिहिलेलंच आहे. इतकी वर्षं विधवा, निराधार आणि दिव्यांग सगळ्यांना जवळपास एकच रक्कम मिळत होती.

मेहुणा म्हणत होता ते ऐंशी टक्के कुठले? ते केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेचे. तिथे ८० टक्के किंवा एकाहून अधिक दिव्यांगत्व लागतं, नाव दारिद्र्यरेषेखालच्या यादीत लागतं, वय १८ ते ७९. केंद्र त्यातले ३०० रुपये देतं, बाकीची भर राज्य घालतं. दोन योजना म्हणजे दोन पेन्शनी, असं समजू नका.

मग आमच्या सुताराला अडीच हजार मिळतील का? टक्क्यांत तो बसतो. अडतो उत्पन्नात. दिव्यांगांसाठी कुटुंबाची वार्षिक मर्यादा ५० हजार आहे, इतरांना तर २१ हजारच. वर्षाला ५० हजार म्हणजे महिन्याला चार हजार एकशे काही. ज्या घरात एक माणूस रोज ३०० रुपये हजेरीने महिन्यातले २० दिवस कामाला जातो, ते घरही कागदावर श्रीमंत ठरतं. खेड्यापाड्यांत उत्पन्नाच्या दाखल्यावर खरा आकडा क्वचितच का दिसतो, याचं उत्तर या मर्यादेत आहे. तलाठी, अर्जदार आणि तहसीलदार, तिघांनाही ते ठाऊक असतं. मर्यादा जगण्याच्या हिशेबात आणली, तर लोकांना कागदावर गरीब व्हावं लागणार नाही.

मंजुरीनंतरही दोन गोष्टींनी पैसे अडतात. एक, खात्याला आधार जोडलेलं नसणं, कारण पैसे आता थेट खात्यात येतात. दुसरी, दरवर्षीचा हयातीचा दाखला. माणूस जिवंत आहे हे त्याला स्वतःला जाऊन सांगावं लागतं. भावाला पहिल्या वर्षी हे कोणी सांगितलंच नाही आणि अनुदान बंद पडलं. कचेरीतल्या बाबूंनी फायलीत बघून सांगितलं, "यात तुम्ही हयात दिसत नाही." भाऊ म्हणाला, "समोर दिसतोय ना?" त्याने फायलीला काही फरक पडला नाही. पुन्हा दाखला दिला, मगच पडला.

गोव्यात हीच गरज दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून भागवली जाते. तिथेही १५ वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. सीमेलगतच्या सिंधुदुर्गातले लोक कामाला गोव्यात आणि कागद इकडे, अशा स्थितीत असतात. त्यांनी आपले कागद कुठले आहेत ते आधी बघावं.

आणखी एक दार जवळ असून कोणी ठोठावत नाही: ग्रामपंचायत किंवा नगरपालिका. महाराष्ट्रातल्या स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा आहे. ग्रामसभेत उभं राहून विचारा, गेल्या वर्षीचा पाच टक्के निधी कशावर गेला. उत्तर देताना ग्रामसेवकाची नजर कुठे जाते ते बघण्यासारखं असतं.

एसटी आणि रेल्वे: इथे टक्का आणि प्रकार वेगळे होतात

एसटीचं सोपं आहे. चाळीस टक्के आणि वर असलेल्याला साध्या गाडीत ७५ टक्के सवलत, आणि ६५ टक्क्यांवर असेल तर सोबतच्या मदतनिसाला ५० टक्के.

रेल्वेचं तसं नाही, आणि शेजाऱ्याची चूक इथेच होती. रेल्वे टक्का विचारत नाही, प्रकार विचारते. पूर्ण अंध, सोबत्याशिवाय प्रवासच करू न शकणारे हातापायांचे दिव्यांग, तसेच बौद्धिक दिव्यांग, यांना स्लीपर आणि थ्री एसीत ७५ टक्के सवलत आहे आणि सोबत्यालाही तेवढीच. बोलणं आणि ऐकणं दोन्ही नसलेल्यांना सेकंड आणि स्लीपरला ५० टक्के. सुतार काठी टेकत एकटा प्लॅटफॉर्मवर जातो, म्हणून त्याला रेल्वेची सवलत नाही. शिवाय रेल्वे यूडीआयडीवर भागवून घेत नाही, तिचा सवलतीचा नमुना सरकारी डॉक्टरकडून वेगळा भरून घ्यावा लागतो आणि त्यावर रेल्वे स्वतःचं ओळखपत्र देते.

नोकरी आणि शिक्षण

सरकारी नोकरीत ४ टक्के जागा राखीव आहेत. एक टक्का अंध आणि अंशतः दृष्टी असलेल्यांना, एक बहिरे आणि कमी ऐकू येणाऱ्यांना, एक हातापायांच्या दिव्यांगांना. यातच सेरेब्रल पाल्सी, कुष्ठरोगातून बरे झालेले, बुटकेपणा, ॲसिड हल्ला आणि स्नायूंचा ऱ्हास हे येतात. चौथा टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांग अशा सगळ्यांत मिळून.

आता यादी परत वाचा. सिकलसेल नाही, थॅलेसेमिया नाही, हिमोफिलिया नाही, पार्किन्सन नाही. २१ प्रकारांत ते आहेत, नोकरीच्या राखीव जागांत नाहीत. उच्च शिक्षणात मात्र ५ टक्के जागा ४० टक्क्यांवरच्या सगळ्याच प्रकारांसाठी आहेत आणि वयातही पाच वर्षांची सूट आहे. त्यामुळे सिकलसेल असलेल्या मुलीला कॉलेजचा राखीव प्रवेश मिळू शकतो आणि तीच मुलगी पुढे नोकरीचा फॉर्म भरताना तो रकाना रिकामा ठेवते. हे तर्काला धरून आहे का, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

आणि हे आरक्षण त्या व्यक्तीचं आहे, तिच्या मुलाचं नाही. सुताराच्या पोराला बापाच्या कार्डावर काही मिळणार नाही.

मेडिकलला जाणाऱ्यांची वेगळी अडचण असते: दिव्यांगत्वाच्या काही प्रकारांत टक्का चाळीसच्या वर गेला, की अभ्यासक्रमालाच अपात्र ठरवण्याची पद्धत. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की नुसत्या टक्क्यावरून कोणाला बाहेर काढता येणार नाही. हा विद्यार्थी डॉक्टरीचं शिक्षण घेऊ शकेल का, हे बोर्डाने तपासून लिहायला हवं.

मुलगा किंवा मुलगी दिव्यांग असेल तर

वय सहा ते अठरा या काळात ४० टक्क्यांवरच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे, हे बहुतेकांना माहीत असतं. माहीत नसतं ते अठरानंतरचं. मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याने सज्ञान. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलासाठी बँकेत सही करायची, तर आईवडिलांचा अधिकार आपोआप चालू राहत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून पालकत्वाचा दाखला घ्यावा लागतो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता हे चार प्रकार या कायद्यात येतात. त्यांच्यासाठीच निरामय हा एक लाखाचा आरोग्य विमा आहे. आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही आणि थेरपीचा खर्चही त्यात धरला जातो. बऱ्याच विमा कंपन्या अशा मुलांना दारातही उभं करत नाहीत, म्हणून याची किंमत मोठी.

पगारदार पालकांना प्राप्तिकरात ७५ हजारांची वजावट मिळते, ८० टक्क्यांच्या वर असेल तर सव्वा लाखाची. स्वतः दिव्यांग असलेल्या करदात्यालाही तेवढीच. पण हे फक्त जुन्या करप्रणालीत. नवी प्रणाली निवडली, की ही वजावट गेली. कमी दराला भुलून फॉर्म भरण्याआधी दोन्ही हिशेब करून बघा.

साधनांचं थोडक्यात: चाकाची खुर्ची, कॅलिपर, श्रवणयंत्र, तीनचाकी ही केंद्राच्या ॲडिप योजनेतून मिळतात आणि बहुतेक वेळा शिबिरात वाटली जातात. महिन्याला साडेबावीस हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर पूर्ण मोफत, तीस हजारांपर्यंत अर्ध्या किमतीत. संजय गांधीच्या मानाने ही मर्यादा कितीतरी माणसात आहे. म्हणजे ज्याला पेन्शन नाकारली, त्याला खुर्ची मिळू शकते. एका ठिकाणी 'नाही' ऐकलं म्हणून दुसरीकडे जायचं टाळू नका.

सुताराला कोणीच न विचारलेला प्रश्न

त्याची पिशवी उपसता उपसता मी विचारलं, "दादा, पडलात कुठे?"

"कामावरच की. ठेकेदाराच्या साइटवर."

दिव्यांगांच्या योजना एकीकडे आणि कामावर झालेल्या इजेची भरपाई दुसरीकडे. पहिल्या योजनांमध्ये तुम्ही गरीब आहात का ते बघतात. दुसरीत तुम्ही कामावर होता का, एवढंच. उत्पन्नाच्या दाखल्याचा तिथे संबंध नाही. टक्काही निराळा, कारण तिथे कमावण्याची ताकद किती गेली ते मोजतात. तेच डोळ्याचं उदाहरण घ्या. दुसरा डोळा चांगला असताना एक डोळा काढावाच लागला, तर कामगारांच्या भरपाईच्या तक्त्यात त्याला ४० टक्के आहेत. अंगठा गेला तर ३०, तर्जनी पूर्ण गेली तर १४.

ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचं, कार्ड असलेल्या कामगाराला अशा कायमच्या इजेसाठी दरमहा रक्कम ईएसआयकडून मिळते. ईएसआयमध्ये येण्याची पगारमर्यादा २१ हजार आहे, दिव्यांग कामगारांसाठी २५ हजार. पीएफ भरणारा माणूस नोकरीत असताना कायमचा आणि पूर्ण अक्षम झाला, तर त्याला पेन्शनसाठी दहा वर्षांची नोकरी लागत नाही. एक महिन्याचा भरणा झालेला असला तरी चालतो.

सुताराकडे यातलं काहीच नव्हतं. ना ईएसआय, ना पीएफ. मग राहते मालकाने द्यायची भरपाई. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यातली ही तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. हिशेब असा: महिन्याच्या मजुरीचे ६० टक्के, पण मजुरी जास्तीत जास्त १५ हजार धरायची. म्हणजे नऊ हजार. त्याला वयाच्या आकड्याने गुणायचं, चाळिशीला तो १८४.१७ आहे. झाले साधारण साडेसोळा लाख. हे कमाई पूर्ण बुडाली तर. डॉक्टरने सांगितलं की सुतारकाम करण्याची ताकद समजा तीस टक्के गेली, तर त्याचे ३० टक्के, म्हणजे चार लाख सत्त्याण्णव हजार.

दवाखान्यात ठेकेदाराने त्याच्या हातावर वीस हजार ठेवले होते आणि एका कोऱ्या कागदावर सही घेतली होती. सहीमुळे हक्क जातो असं त्याला वाटत होतं. या कायद्याखालचा हक्क असा खाजगी कागदावर सोडून देता येत नाही.

अर्ज कामगार न्यायालयात करायचा असतो, अपघातापासून दोन वर्षांच्या आत. मी त्याचं डिस्चार्ज कार्ड काढून तारीख बघितली. एक वर्ष आणि पाच महिने होऊन गेले होते. तेवढा वेळ तो पिवळ्या कार्डाच्या मागे फिरत होता.